निळ्या घुमटांच्या गावी, गाईडच्या मागोमाग

परदेशातली ऐतिहासिक शहरं सहल कंपनीबरोबर पाहावीत की आपली आपण, हा वाद जुना आहे. एकट्यानं हिंडणारे म्हणतात, छत्री उंच धरलेल्या गाईडच्या मागे तीस माणसांनी पळत सुटायचं, याला काय प्रवास म्हणायचं? सहलवाले म्हणतात, जिथली भाषा येत नाही, पाटी वाचता येत नाही, तिथे एकटे जाऊन तुम्ही पाहणार तरी काय? दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. गेल्या ऑक्टोबरात मी अशाच एका मराठी मंडळींच्या सहलीबरोबर उझबेकिस्तानात गेलो. ताश्कंद, समरकंद, बुखारा आणि खिवा ही चार शहरं नऊ दिवसांत पाहिली. तेव्हा हा वाद बाजूला ठेवून, सहलीतून इतिहास पाहायचा म्हणजे नेमकं काय पाहायचं, याविषयी चार गोष्टी सांगतो.

दिल्लीहून विमानानं तीन तासांच्या आसपास ताश्कंद. आपल्याला दिल्लीला रेल्वेनं जायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. 2018 पासून तिथला व्हिसाही घरबसल्या संगणकावर मिळतो. त्यामुळे पुण्या-नाशकाच्या, सांगली-कोल्हापूरच्या माणसांना हा देश आता फार लांबचा राहिलेला नाही. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे जाण्याचे दिवस. उन्हाळा तिथला आपल्या विदर्भासारखा, आणि हिवाळ्यात बर्फ.

ताश्कंद म्हटलं की मराठी माणसाला पहिलं नाव आठवतं ते लालबहादूर शास्त्रींचं. 10 जानेवारी 1966 ला इथे भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री, म्हणजे 11 तारखेला, शास्त्रीजी इथेच गेले. शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, अर्धपुतळा आहे. आमच्या बसमधली मंडळी तिथे उतरली, चपला काढून हात जोडून उभी राहिली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 26 एप्रिल 1966 च्या पहाटे, ताश्कंदला भूकंप झाला. जुन्या मातीच्या घरांचं शहर पडलं, लाखो लोक उघड्यावर आले. आज दिसतं ते रुंद रस्त्यांचं, झाडांचं, कारंज्यांचं ताश्कंद बहुतेक त्यानंतर सोव्हिएत काळात उभं राहिलं. 1977 साली तिथे भुयारी रेल्वे सुरू झाली. तिची स्थानकं एखाद्या महालाच्या दिवाणखान्यासारखी सजवलेली आहेत. 2018 पर्यंत तिथे फोटो काढायला मनाई होती. आता सगळे काढतात.

ताश्कंदच्या मध्यावर एक बाग आहे आणि बागेत घोड्यावर बसलेल्या अमीर तैमूरचा पुतळा आहे. तो 1993 साली बसवला. त्याआधी त्याच जागी कार्ल मार्क्स होता. मार्क्सच्या आधी स्टालिन, आणि त्याही आधी रशियन झारचा सेनापती काउफमन. ज्याचं राज्य, त्याचा पुतळा. एवढी एक जागा नीट पाहिली, तरी त्या देशाचा दीडशे वर्षांचा इतिहास समजतो. आमची गाईड विशी-पंचविशीतली मुलगी होती, हिंदी छान बोलायची. ती अभिमानानं म्हणाली, “हे आमचे अमीर तैमूर.” बस एकदम गप्प झाली. मग मागून एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “आमच्याकडे त्याला तैमूरलंग म्हणतात. त्यानं दिल्ली कापून काढली.”

शिक्षकांचं खोटं नव्हतं. 1398 साली तैमूरनं दिल्ली लुटली आणि लढाईच्या आधी हजारो कैद्यांची कत्तल केली, हे त्याच्याच बाजूच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. मुलगी रागावली नाही. ती म्हणाली, “माझ्या आजीच्या शाळेच्या पुस्तकात तो जुलमी होता. माझ्या पुस्तकात तो राष्ट्रपुरुष आहे. माणूस तोच आहे, काका.” सोव्हिएत काळातल्या पुस्तकांत तैमूर हा क्रूर राजा होता. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्या नव्या देशाला एक मूळ पुरुष हवा होता, तो त्यांनी तैमूरमध्ये शोधला. लंग म्हणजे लंगडा. तिथे तो शब्द कोणी उच्चारत नाही. सहलीला गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की गाईड सांगतो तो इतिहास त्या देशानं आज स्वतःविषयी काय ठरवलं आहे, ते सांगणारा असतो. तो ऐकावा, आणि आपल्याकडचाही आठवावा. दोन्ही मिळून कुठे खरं हाताला लागतं.

ताश्कंदहून समरकंदला ‘अफ्रासियाब’ नावाची वेगवान गाडी जाते, ती 2011 साली सुरू झाली. सुमारे तीनशे किलोमीटर अंतर दोन तासांच्या थोड्या वर कापते. समरकंदच्या मधोमध रेगिस्तान आहे. आपल्याला हा शब्द वाळवंटासाठी माहीत आहे. अर्थ तोच, वाळूची जागा. या चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. उलुगबेगचा 1417 ते 1420 मधला, शेरदार 1619 ते 1636 मधला आणि तिल्याकारी 1646 नंतरचा. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या इमारतीत सव्वादोनशे वर्षांहून जास्त अंतर आहे. शेरदारच्या कमानीवर पिवळे वाघ आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य उगवतो आहे. मदरशाच्या दारावर प्राणी आणि चेहरा कसा, असं आमच्यातल्या एकदोघांनी मला विचारलं. मी म्हटलं, कारागिरानं काढला आणि चारशे वर्षांत कोणी पुसला नाही. धर्माच्या पुस्तकातला धर्म आणि भिंतीवरचा धर्म यांत जगभर असा फरक राहतच आला आहे.

आता दुसरी गोष्ट. या सगळ्या इमारतींचा निळा रंग इतका ताजा दिसतो की कालच लावलाय असं वाटावं. तो पुष्कळसा कालचाच आहे. तैमूरनं दिल्लीहून परतल्यावर, 1399 ते 1404 मध्ये, बीबी खानम मशीद बांधून घेतली. दगड ओढायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती होते. घाईघाईत बांधलेली ही प्रचंड इमारत फार लवकर खचू लागली, आणि 1897 च्या भूकंपात आणखी पडली. रशियन छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या रंगीत चित्रांत तिचा फुटलेला घुमट दिसतो. आज आपण पाहतो तो घुमट सोव्हिएत काळात सुरू झालेल्या पुनर्बांधणीतला. तिल्याकारीचा निळा घुमटही विसाव्या शतकातल्या कामाचाच. उलुगबेग मदरशाचा एक मिनार कलला होता, तो 1932 साली इंजिनिअरांनी सरळ केला. म्हणून मी तीन प्रश्न मनाशी ठरवून घेतले आणि प्रत्येक ठिकाणी गाईडला विचारले: हे कोणी बांधलं? कधी पडलं? पुन्हा कोणी उभारलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ असे. दुसऱ्याला ती थांबून विचार करी. तिसऱ्याला तिचा चेहरा खुले, कारण तिचे आजोबा अशाच एका डागडुजीच्या कामावर गवंडी होते. राजांची नावं फरशीवर असतात. गवंड्यांची गाईडच्या घरी असतात, आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

दंतकथांचंही तसंच. तैमूर 1405 मध्ये चीनच्या स्वारीवर निघालेला असताना वाटेत वारला. त्याची कबर गूर-ए-अमीरमध्ये आहे, काळसर हिरव्या दगडाखाली, आपल्या गुरूच्या पायाशी. जून 1941 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्ह यानं ती उघडली, आणि 22 जूनला हिटलरनं रशियावर हल्ला केला. त्यावरून कबरीच्या शापाची गोष्ट सांगतात. सगळी बस ती डोळे मोठे करून ऐकत होती. खरं म्हणजे हिटलरच्या हल्ल्याची तयारी कित्येक महिने आधीपासून चालू होती. पण त्याच वेळी गेरासिमोव्हनं जे सिद्ध केलं, ते शापापेक्षा मोलाचं आहे. तैमूर खरोखर लंगडा होता. आणि त्याचा नातू उलुगबेग, ज्याची कबर तिथेच आहे, त्याचं डोकं खरोखर तोडलेलं होतं.

हा उलुगबेग राजा होता, पण त्याचा जीव आकाशात. समरकंदच्या टेकडीवर त्यानं वेधशाळा बांधली. दुर्बीण निघायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, जमिनीत खोदलेल्या सुमारे 40 मीटर त्रिज्येच्या दगडी कमानीवर प्रकाशाचा कवडसा मोजून त्यानं आणि त्याच्या पंडितांनी 1018 ताऱ्यांची यादी केली. वर्षाची लांबी काढली, त्यात चूक सुमारे एका मिनिटाची. 1449 साली त्याच्या स्वतःच्या मुलाच्या हुकमानं त्याला मारण्यात आलं. वेधशाळा मोडली, जागाही विसरली गेली. 1908 मध्ये व्यात्किन नावाच्या संशोधकानं ती शोधून काढली. पण त्याची कोष्टकं जगली. ती इस्तंबूलला गेली, युरोपात गेली आणि आपल्याकडेही आली. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात दिल्ली आणि जयपूरला जंतरमंतर उभारली, तेव्हा त्याच्यासमोर उलुगबेगची कोष्टकं होती. आजोबा दिल्लीची लूट घेऊन गेला आणि नातवाचं गणित दिल्लीला आलं. समरकंदच्या सहलीत या जागेला अर्धा तास देतात. खरं तर इथे अर्धा दिवस द्यायला हवा.

जेवणाचं सांगायला हवं, नाहीतर मराठी माणसाचं प्रवासवर्णन पुरं होत नाही. आमच्याबरोबर चिवडा, लाडू, लोणचं सगळं होतं. तरी एका शाकाहारी काकूंनी हॉटेलात “सब्जी, सब्जी” असं ठासून सांगितलं, तेव्हा वेटरनं ताटभर गाजरं आणून ठेवली. उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर! तिथल्या पुलावात ते भरपूर असतं. मग बसमध्ये शब्द शोधायचा खेळच सुरू झाला. बाजार, दुकान, हिशोब, तयार, दरवाजा, बाग, किताब हे सगळे तिथे थोड्या वेगळ्या उच्चारात भेटतात. कांदा पियोझ, रोटी नोन, चहा चोय. गाईड मोठ्या पुरुषांना ‘अका’ म्हणायची. अका म्हणजे थोरला भाऊ. आमच्यातले अण्णा आणि नाना स्वतःला अक्का म्हणवून घ्यायला काही तयार होईनात. मोठ्या बायकांना ती ‘ओपा’ म्हणे. तो शब्द ऐकून मी मात्र चमकलो, कारण आमच्या घरी थोरल्या बहिणीला आपा म्हणतात.

अशाच एका गप्पांत कोल्हापूरकडच्या एका सहप्रवाशानं मला सहज विचारलं, “शेवटी तुमचे पूर्वज इकडचेच ना हो?” त्यात वाकडेपणा नव्हता, कुतूहल होतं. मी म्हटलं, “नाही हो. आमचे पूर्वज अंबड तालुक्यातले, पिंजारी. कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. समरकंदचं नावही त्यांनी ऐकलं नसेल. ही शहरं मला जितकी परकी, तितकीच तुम्हाला.” ते हसले, पण प्रश्न माझ्याबरोबर राहिला. आपलं आणि या भूमीचं नातं रक्ताचं नाही, मग कशाचं?

त्याचं एक उत्तर समरकंद-बुखारा रस्त्यावर होतं. बुखाऱ्याच्या अलीकडे सुमारे 45 किलोमीटरवर गिजदुवान नावाचं गाव लागतं. तिथली मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, आणि सहलीच्या कागदावर फक्त ‘कुंभाराची कार्यशाळा’ एवढंच लिहिलं होतं. पण छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की ज्यांच्या दर्ग्यात आहे, ते बाबा शाह मुसाफिर या गिजदुवानचे. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास ते दख्खनमध्ये आले आणि तिथेच राहिले. त्यांचे गुरूही मध्य आशियातलेच, आणि तेही त्याच आवारात विसावले आहेत. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर चालणारी ती चक्की फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळायची. आमच्या मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जाते.

मी गाईडला हे सांगितलं आणि वीस मिनिटं मागितली. तिनं घड्याळ पाहिलं, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि ती स्वतः बरोबर आली. गावात ख्वाजा अब्दुलखालिक गिजदुवानी या सूफींची कबर आहे, शेजारी उलुगबेगनं बांधलेला छोटा मदरसा आहे. मी फातिहा म्हटली. कोल्हापूरचे गृहस्थही न सांगता मागोमाग आले होते. ते म्हणाले, “पाणचक्की म्हणजे ते हौदात मासे सोडलेत तेच ना? आम्ही सातवीत असताना गेलो होतो. तिथला माणूस इथला होता होय!” बाकीच्या बसला त्यांनीच पुढे ही गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा रंगवून. सहलीत मला मिळालेल्या गोष्टींत ही वीस मिनिटं सगळ्यात मोठी. ती कार्यक्रमात नव्हती. पण विचारल्यावर मिळाली.

बुखारा हे माझ्या मते चारांत सगळ्यात जिवंत शहर. 1127 सालचा कल्याण मिनार अजून ताठ उभा आहे. 1220 मध्ये चंगेजखानानं शहर जाळलं, मिनार वाचला. त्याच्या आधीची, हजार वर्षांहून जुनी सामानी राजांची समाधी तर नुसत्या विटांच्या विणकामाची आहे. तिला रंगाची गरजच पडली नाही. जुन्या बाजाराचे घुमट अजून धंद्यांच्या नावानं ओळखले जातात, त्यांतला एक सराफांचा. सराफ हा शब्द आपल्याकडे सोनं घेऊन बसला, तिथे तो नाणी बदलून देणाऱ्यांचा आहे. या बाजारांत मुलतानी, शिकारपुरी व्यापारी शेकडो वर्षं सावकारी करत होते, त्यांच्या उतरण्याच्या सराया होत्या.

शहराच्या मधोमध लब-ए-हौज आहे, 1620 चा. लब म्हणजे ओठ, म्हणजेच काठ. आपला हौद त्याच हौजाचा भाऊ. पूर्वी बुखाऱ्यात असे कित्येक हौद होते आणि सगळं गाव त्यांचंच पाणी प्यायचं. पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचं, तेच पाणी भरायचं. त्यातून नारू पसरला. आमच्या लहानपणी मराठवाड्यात पायविहिरींतून हा रोग होई, पायातून दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळत बाहेर काढताना मी म्हातारी माणसं पाहिली आहेत. भारत नारूमुक्त जाहीर झाला तो 2000 साली. बुखाऱ्यात सोव्हिएत सरकारनं 1920 आणि 30 च्या दशकांत बहुतेक हौद बुजवले, नळाचं पाणी आणलं. रोग गेला. हौदांबरोबर काठावरचं बसणं-उठणंही पुष्कळ गेलं. सहलीत बहुतेक जण इथे ‘किती सुंदर तळं’ म्हणून फोटो काढतात. ते सुंदर आहेच. पण बाकीची का बुजवली, हे कळलं की शहर खरं दिसू लागतं.

तिथून किझिलकुम वाळवंट ओलांडून साडेचारशे किलोमीटर खिवा. सव्वादोन किलोमीटर लांबीच्या मातीच्या तटाआड सगळं जुनं शहर जपून ठेवलेलं. बीजगणिताचा अल-ख्वारिज्मी या ख्वारिज्मचा, आणि हिंदुस्थानावर थोर ग्रंथ लिहिणारा अल-बेरुनीही. इथे पहलवान महमूद यांची समाधी आहे. ते कातडी कमावणारे, कुस्तीगीर आणि रुबाया लिहिणारे कवी. असा कवी ज्या गावचा संरक्षक संत आहे, त्या गावाविषयी मला वेगळं प्रेम वाटलं, हे सांगायला नकोच. पण खिव्यात संध्याकाळी दुकानं मिटली की रस्ते सुने पडतात. याच तटाआड एकेकाळी गुलामांचा बाजार भरायचा. त्या दाराशी आज टोप्या विकतात.

इथे तिसरी गोष्ट सांगतो. पर्यटकांसाठी शहर सजवताना माणसं बाहेर पडतात. तैमूरचं जन्मगाव शहरिसब्झ 2000 साली युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. पुढे इमारतींभोवतीची जुनी वस्ती पाडून तिथे बाग, फरसबंदी आणि दुकानं केली गेली, आणि 2016 साली युनेस्कोनं ते धोक्यातल्या वारशांत घातलं. समरकंदलाही पर्यटकांच्या रस्त्याकडेला भिंती आहेत, त्यांच्यामागे जुने मोहल्ले आहेत. भिंतीत दार असतं. मी त्यातून आत गेलो. आत द्राक्षाचा मांडव, सायकल दुरुस्त करणारा मुलगा आणि तंदूरवर रोट्या थापणारी बाई होती. तिनं एक गरम नोन हातात दिली, पैसे घेतले नाहीत. मी ‘रहमत’ म्हटलं. तिथे धन्यवादाला हाच शब्द आहे.

तेव्हा सहलीनं जायला हरकत नाही, जरूर जावं. भाषा, गाडी, मुक्काम यांची काळजी दुसरा करतो म्हणून आपल्याला पाहायला मोकळीक मिळते. ती फक्त फोटोत घालवू नये. जाण्याआधी एखादं पुस्तक वाचावं. गाईडला बांधणाऱ्याबरोबर पाडणाऱ्याचं आणि डागडुजी करणाऱ्याचंही विचारावं. कार्यक्रमात नसलेली वीस मिनिटं संकोच न करता मागावीत. आणि रोज एक तास त्या भिंतीतल्या दाराआड घालवावा.

परत आल्यावर मी दौलताबादला गेलो होतो. तिथल्या एका तरुण गाईडला तेच तीन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर त्यानं घडाघडा दिलं. दुसऱ्याला तो थांबला. मग म्हणाला, “काका, हे कोणी विचारत नाही. पण माझे आजोबा इथे पुरातत्त्वच्या कामावर होते, त्यांना विचारून उद्या सांगतो.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)